फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात आईतात्यांना न्यायचंय, मुक्काम कुठं करू?

तासगावची_बाग:
नमस्कार मंडळी. बहीण पॅरिसला शिकायला आहे म्हणून औंदा आईतात्यांना घेऊन तिकडं जायचं ठरतंय. तात्यांचं म्हणणं एवढं लांब जाऊन द्राक्षबागा बघायच्या नाहीत तर उपयोग काय, आणि आईला राजवाडे बघायचेत, तर बहीण म्हणाली लुआर नदीकाठी दोन्ही मिळतंय. हातात ४ दिवस. एका एजंटनं ४ दिवसांत ११ किल्ले असा प्लॅन पाठवलाय, वाचूनच दम लागला. आईचे गुडघे दुखतात, दोघंही माळकरी, त्यामुळं वाईनचा प्रश्नच नाही. आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत यायलाच पाहिजे. कुठलं गाव धरू?

मिरजेची_लेक:
११ किल्ले?? तो प्लॅन आधी डिलीट कर दादा. मी दोन वर्षं तूरला होते, तिथंच मुक्काम कर. तूर म्हणजे तिकडचं मिरज जंक्शन समज, चारी दिशांना छोट्या गाड्या सुटतात. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून फास्ट गाडीनं सव्वा तास, फक्त बऱ्याच गाड्या गावाबाहेरच्या सँ-पिएर-दे-कोरलाच थांबतात, तिथून ५ मिनिटांची शटल, घाबरू नका.

आईंना शनोंसो नक्की दाखव. शेर नदीच्या पात्रावरच बांधलेला महाल आहे, पुलावर दालन चढवल्यासारखा, आणि स्टेशन अगदी गेटाशी. दुसऱ्या महायुद्धात ही नदी म्हणजे सीमा होती, महालाच्या एका दारात जर्मनांचा ताबा आणि पलीकडच्या दारातून बाहेर पडलं की मोकळा मुलूख. मी त्या दालनात उभी राहून बराच वेळ नुसती नदी बघत होते.

आंबुआझ गाव तूरहून गाडीनं २० मिनिटांवर. लिओनार्दो दा विंचीला फ्रान्स्वा राजानं १५१६ साली तिथं बोलावून घेतलं, तो १५१९ ला तिथंच वारला, कबर किल्ल्यातल्या चॅपेलमध्ये आहे. तो राहायचा तो वाडा किल्ल्यापासून चालत १० मिनिटांवर, तिकिटं मात्र दोन्हीकडं वेगवेगळी.

शांबोरचा महाल सोडलात तरी चालेल असं मी म्हणेन, लोक मला शिव्या घालतील. दुहेरी जिना भारीच आहे, एक माणूस चढतो, दुसरा उतरतो आणि वाटेत गाठ पडत नाही, पण नुसतं चालून चालून आईंचे गुडघे बोलायला लागतील. ज्या राजानं बांधला तोसुद्धा जेमतेम काही आठवडे राहिला तिथं!

कृष्णाकाठ:
ताईंनी बरोबर सांगितलंय, फक्त एक भर. यातले बरेचसे 'किल्ले' म्हणजे आपल्या भाषेत वाडे नाहीतर राजवाडे. तात्यांना अजिंक्यताऱ्यासारखा तटबंदीचा खराखुरा किल्ला दाखवायचा असंल तर शिनों गावचा. १४२९ साली जोन ऑफ आर्क, सतरा वर्षांची शेतकऱ्याची पोर, राजपुत्राला भेटायला तिथंच आली होती. किल्ला टेकडीवर आहे पण खालच्या गावातून लिफ्ट आहे, आईंचं काम झालं.

आणि बागा तिथं चौफेर. शिनोंला कॅबर्ने फ्राँक जातीची द्राक्षं, तूरजवळ वूव्रेला शेनँ ब्लाँ जातीची. तात्या पहिलं विचारणार की मंडप कुठाय, तर मंडप नाही, कमरेएवढ्या वेली तारेवर सरळ ओळीत. छाटणी हिवाळ्यात एकदाच, आपल्यासारखी एप्रिल-ऑक्टोबर दोनदा नाही. एप्रिलमध्ये दहीवर पडून कोंब जळू नयेत म्हणून रात्री ओळीओळीत शेगड्या पेटवतात. आपण अवकाळीला जसं घाबरतो तसंच ते! आणि आपण डॉगरीज खुंटावर (म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर) कलम करतो तसं तिकडंही खुंट अमेरिकनच, १९व्या शतकात फायलोक्सेरा किडीनं बागा बसल्या म्हणून. ही गोष्ट तात्यांना सांगा, दोन तास बोलत बसतील.

तोडणी सप्टेंबरात सुरू होते, दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर बघायला मिळंल आणि महिनाअखेर घरी.

भडंगवाला:
आणि तिथं 'रेझँ' दिसलं की बेदाणे समजून हाणू नका, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ साधी द्राक्षं, बेदाणा म्हणजे 'रेझँ सेक'. वाईनच्या तळघरात पीत नाही सांगितलं तर द्राक्षाचा रस मागा, 'झ्यू द रेझँ'. भडंग मात्र इथनंच न्या.

तासगावची_बाग:
लई भारी माहिती, तात्यांना वाचून दाखवलं, खुंटाचं ऐकून खूश! दोन गोष्टी राहिल्या. माळकऱ्यांनी खायचं काय? आणि व्हिसाला पगाराची स्लिप मागतात, आमच्याकडं तर सगळं शेतीच.

मिरजेची_लेक:
लुआरकाठच्या सोम्यूर गावाकडं 'फुए' मिळते, लाकडाच्या भट्टीत भाकरीसारखी टम्म फुगते, आत लसूण लोणी नाहीतर शेळीचं चीज भरून घ्या. 'रिएट' म्हणाले तर हात जोडा, ते डुकराचं असतं. चीजमध्येही बऱ्याचदा प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, घ्यायच्या आधी विचारा.

व्हिसाला सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, बँक स्टेटमेंट, असतील तर द्राक्ष-बेदाणा विक्रीच्या पावत्या, सगळं जोडा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, गणपतीत धावपळ करण्यापेक्षा जूनमध्येच अपॉइंटमेंट घेऊन टाक.