८० स्लाइड्सचा फॉन्ट आणि लोगो एकदम कसा बदलायचा?

प्रश्न: पॉवरपॉइंटमध्ये ८० स्लाइड्सचं प्रेझेंटेशन आहे, चार जणांनी मिळून केलंय त्यामुळे प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि आता कोपऱ्यातला लोगोही बदलायचाय, परवा सबमिट करायचंय. एकेक स्लाइड उघडून करत बसलो तर रात्र जाईल. काही उपाय?

उत्तर १: व्ह्यू मध्ये जाऊन स्लाइड मास्टर उघडा. डावीकडे सगळ्यात वर जी मोठी स्लाइड दिसते ना तोच मास्टर, तिथे लोगो टाकला की खालच्या सगळ्या लेआउटना (म्हणजे स्लाइड्सच्या साच्यांना) लागतो. जुने लोगो जर प्रत्येक स्लाइडवर वेगळे पेस्ट केलेले असतील तर ते मात्र हातानेच काढावे लागतील, त्याला इलाज नाही. फॉन्टसाठी होम मधल्या रिप्लेस च्या बाणावर क्लिक करून रिप्लेस फॉन्ट्स घ्या.

उत्तर २: वरच्यांचं बरोबर आहे, पण मास्टर बदलूनही काही स्लाइड्स तशाच राहतात, कारण कुणीतरी मजकुराला हाताने साइझ नि रंग दिलेला असतो. अशा वेळी व्ह्यू मधून स्लाइड सॉर्टरमध्ये जा (तिथे सगळ्या स्लाइड्स छोट्या होऊन एकत्र दिसतात), पहिल्या स्लाइडवर क्लिक, मग शिफ्ट धरून शेवटच्या स्लाइडवर क्लिक, आणि होम मधलं रिसेट दाबा. आधी फाइलची कॉपी नक्की ठेवा, कारण हलवलेले प्लेसहोल्डरही (लेआउटमधल्या शीर्षक-मजकुराच्या ठरलेल्या चौकटी) मूळ जागी जातात. वेगळे घातलेले टेक्स्ट बॉक्स यात बदलत नाहीत, ते बघून घ्या.

प्रश्नकर्ता: रिसेटने बरंच काम झालं, मनापासून आभार दोघांचे! आता फक्त लोगो काढतोय.