ऑलिव्ह तेलघाण्याचं पाणी स्पेंट वॉशसारखं थेट डायजेस्टरला चालेल का?

प्रश्न:
इटलीतल्या पुलिया भागातला तेलघाणा. थ्री-फेज डिकँटर (तेल, पाणी आणि चोथा वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र), रोज 20 टन फळं, हंगाम 60 दिवस. रोज 22 घनमीटर काळं पाणी निघतं, सीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे प्रदूषणाचं माप) लिटरला 80 ग्रॅम, पीएच 5. आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांत स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरलेलं पाणी, बायोगॅसच्या डायजेस्टरला (हवाबंद टाकीला) जातो, तसं इथे करता येईल का? आधी चुना टाकावा का?

उत्तर 1:
सीओडी जवळपास सारखा असला तरी हे पाणी वेगळं आहे. यातलं फिनॉल मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. उरलेल्या तेलातली फॅटी ॲसिड्स टाकीतल्या जिवाणूंच्या गाळाला चिकटतात, गाळ वर तरंगतो आणि वाहून जातो. नायट्रोजनही फार कमी. सुरुवातीला गॅस बरा येतो, मग व्हीएफए (कुजताना तयार होणारी उडनशील आम्लं) चढतं, पीएच 6.5 च्या खाली घसरतो आणि गॅस बसतो. आधी तेल काढून घ्या. मग शेणाच्या स्लरीत 10 टक्क्यांपासून मिसळत हळूहळू वाढवा. व्हीएफए आणि क्षारतेचं (आम्ल पचवण्याच्या क्षमतेचं) गुणोत्तर 0.4 च्या वर गेलं की भरणा थांबवा. फक्त या पाण्यासाठी डायजेस्टर बांधू नका, हंगाम संपल्यावर दहा महिने त्याला खाद्य कुठून आणणार? जवळच्या गोठ्याच्या प्लांटशी बोला.

उत्तर 2:
चुन्याचा डोस अंदाजाने ठरवू नका, जार टेस्ट करा. हे काळं पाणी भांड्यांत एकेक लिटर घ्या, त्यांत 5, 10, 15, 20 ग्रॅम विरलेला चुना थोड्या साध्या पाण्यात कालवून घाला, 20 मिनिटं ढवळा, रात्रभर निवळू द्या. पीएच 11-12 ला पोचला की तेल आणि काही फिनॉल गाळाबरोबर खाली बसतं, वासही कमी होतो. सीओडी मात्र बहुतेक वेळा निम्माही उतरत नाही. म्हणजे 40 ग्रॅमच्या वरचं पाणी आणि वर ढीगभर ओला गाळ, दोन्ही तुमच्याच गळ्यात.

उत्तर 3:
चुन्याच्या आधी शेताचा हिशेब करा. इटलीच्या 1996 च्या 574 क्रमांकाच्या कायद्याने सेंट्रिफ्यूजचं पाणी हेक्टरी वर्षाला 80 घनमीटरपर्यंत जमिनीवर पसरता येतं. तुमचं 1,320 घनमीटर, म्हणजे साडेसोळा हेक्टर. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 300 मीटर आणि वस्तीपासून 200 मीटरच्या आत नको. भाजीपाला उभा असलेल्या किंवा भूजल 10 मीटरपेक्षा कमी खोलीवर असलेल्या जमिनीवरही नको. पसरण्याच्या 30 दिवस आधी महापौरांना कळवावं लागतं, सोबत कृषितज्ज्ञाचा अहवाल. आणि मुख्य अट: या पाण्यावर कोणतीही प्रक्रिया झालेली नसावी. चुना टाकलात की ते या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

प्रश्नकर्ता:
पाणीच कमी करायचं तर टू-फेज डिकँटर (तेल वेगळं, पाणी आणि चोथा एकत्र) घ्यावं का?

उत्तर 3:
पाणी जवळजवळ संपेल, पण ते चोथ्यात जाईल. टनभर फळांमागे सुमारे 800 किलो चोथा, 60-65 टक्के ओला. तो कोण उचलणार, कोणत्या दराने, हे लेखी घेतल्याशिवाय यंत्र बदलू नका.