शब्दचर्चा: डॅलझेल, डॅलिएल की डीएल? एका स्कॉटिश आडनावाचं मराठीत काय करायचं?

सह्यवेडी
आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय: एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीतल्या वनस्पतींची नोंद करणारे लोक. त्यातलं एक मुख्य नाव निकोल अलेक्झांडर डॅलझेल. जन्म एडिंबरा, १८१७. १८४१ मध्ये मुंबई इलाख्यात कस्टम्स खात्यात आले, १८६२ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांच्यानंतर इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६१ ची ‘बॉम्बे फ्लोरा’ या दोघांचीच. शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी आपली शिंदळ माकडी शास्त्रात आली ती याच माणसामुळे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्यांनीच तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं.

मी सरळ ‘डॅलझेल’ लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी कळवलं, “हे आडनाव ‘डीएल’ असं म्हणतात, दुरुस्त करा.” संपादक म्हणतात, डॅलझेलच ठेवा, नाहीतर वाचकाला पत्ता लागणार नाही. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारते. आणि मुळात लिहायचं एक नि म्हणायचं दुसरं असं का झालं, तेही हवं आहे. तळटीप देता येईल.

ग्लासगोकर
काकांचं बरोबर आहे. मी इथे बरीच वर्षं आहे. हापिसात एक बाई आहेत, आडनाव हेच, फक्त लेखन ‘डॅलझिएल’सारखं. फोनवर त्या नाव सांगतात ‘डी-एल’, ठोका ‘एल’वर. पलीकडचा माणूस नवखा असला की कागदावर दोनच अक्षरं लिहून घेतो आणि पुढचं नाव ऐकायला थांबतो. मग त्या एकेक अक्षर सांगत बसतात. चिडत नाहीत, सवयीचं झालंय.

मूळ गावही इथून जवळ. लॅनार्कशरमधलं मदरवेल शहर ज्या जुन्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत येतं, ती डॅलझिएल पॅरिश. तिथल्या शाळेला हेच नाव आहे आणि मुलं ‘डीएल हायस्कूल’ म्हणतात. डेव्हिड कॉलव्हिल यांचा १८७० च्या दशकातला पोलादाचा कारखानाही ‘डॅलझेल वर्क्स’. म्हणजे आधी गाव, मग आडनाव. आपल्याकडे मालवणचा मालवणकर होतो तसंच. जुन्या कागदांत नावाआधी ‘द’ लागतो, ‘डॅलझेलचा अमुक’.

तळटीप
सह्यवेडी, ‘का’ या प्रश्नाचं उत्तर छपाईत आहे आणि ते फार सुंदर आहे.

जुन्या स्कॉट्स लिपीत ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं. दिसायला थेट आपल्या ३ च्या आकड्यासारखं, खाली शेपटी वळलेली. उच्चार बहुतेक ठिकाणी ‘य’. डॅलझेलमध्ये ‘झेड’च्या जागी हेच अक्षर होतं, म्हणजे नाव ‘डॅल्येल’. पुढे स्कॉटलंडमध्ये छापखाना आला, चेपमन आणि मायलर यांचा, एडिंबरा, १५०८. छपाईच्या खिळ्यांच्या संचात योख मिळेना. हस्तलिखितात शेपटीचा ‘झेड’ आणि योख हुबेहूब सारखे दिसत, मग जुळाऱ्यांनी ‘झेड’चाच खिळा लावला. वाचणाऱ्याला माहीत होतं, त्यामुळे शे-दोनशे वर्षं काही बिघडलं नाही. बिघडलं ते नाव गावाबाहेर, परक्यांच्या हातात गेल्यावर.

हीच गत ‘मेंझिस’ची. मूळ उच्चार ‘मिंगिस’च्या जवळचा. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते मेंझिस कॅम्पबेल यांना सगळे ‘मिंग’ म्हणत ते यामुळेच. शेटलंड बेटांच्या कौंटीचं अधिकृत नाव १९७५ पर्यंत ‘झेटलंड’ होतं आणि त्यांचा पोस्टकोड आजही ‘झेड-ई’ने सुरू होतो. तोही योखच.

बखरकार
छान माहिती. पण आडनावाची खरी कथा राहिली. स्कॉटलंडचा राजा केनेथ, त्याच्या एका नातलगाला पिक्ट या तिथल्या प्राचीन लोकांनी फासावर दिलं आणि प्रेत टांगून ठेवलं. ते कोण काढून आणेल, असं राजाने विचारल्यावर एक जण पुढे झाला आणि म्हणाला “दाल झेल”, म्हणजे ‘मी धजतो’. त्यावरून हे आडनाव. घराण्याच्या ढालीवर आजही उघडा माणूस आहे आणि ब्रीद आहे ‘मी धजतो’. इतका स्पष्ट पुरावा असताना खिळ्यांची गोष्ट दुय्यम ठरते.

तळटीप
बखरकार, ढालीवरचं चित्र कथेवरून काढलं की कथा चित्रावरून रचली, हे चित्र सांगू शकत नाही. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेत, ‘दाल’ म्हणजे नदीकाठचं कुरण आणि ‘ग्याल’ म्हणजे पांढरं, उजळ. अभ्यासक साधारणपणे ‘पांढरं कुरण’ ही फोड मानतात. गावावरूनच आडनाव पडलं असेल, तर ‘मी धजतो’ असं गावाचं नाव कोण ठेवेल?

बखरकार
गाव पराक्रमाबद्दल इनाम मिळालं आणि मग त्याला नाव पडलं, असंही होऊ शकतं. आपल्याकडे इनामं मिळाली आणि वाड्यांची नावं बदलली, याची कितीतरी उदाहरणं आहेत. लोककथा आली की ती खोटीच धरायची, ही सवय मला मान्य नाही. पिढ्यान् पिढ्या एका घराने जपलेली गोष्ट आहे.

आजोळ
दोघांच्या मध्ये एक भर घालते. ‘पांढरं कुरण’ धरलं तर योखही उलगडतो. गेलिकमध्ये काही जागी ‘ग’ मऊ होतो आणि ए-ई अशा स्वरापूर्वी त्याचा उच्चार जवळजवळ ‘य’ होतो. म्हणजे ‘दाल’पुढे ‘ग्याल’चं ‘याल’ होणार. तो ‘य’ लिहायला स्कॉट्स लेखनिकाने आपल्याजवळचं ‘य’चं अक्षर, म्हणजे योख, घेतलं. सगळं जुळतं. ‘दाल झेल’ मात्र जुळत नाही, कारण त्यातला ‘झ’ मुळात उच्चारात नव्हताच.

मधला ‘ल’ कुठे गेला? स्कॉट्स बोलीत ‘ल’ गळतो. ‘ऑल’चं ‘आ’, ‘बॉल’चं ‘बा’, ‘वॉल’चं ‘वा’. तसंच डॅल्येल, डायेल, डीएल. ही साखळी माझी, पण पायऱ्या ओळखीच्या आहेत.

बखरकार
‘झ’ नव्हता एवढंच सिद्ध झालं. कथेतला शब्दही योखनेच लिहिलेला असणार, म्हणजे ‘दाल येल’. कथा उभीच आहे.

रुळेचिरुळे
अवांतर होईल, पण हे आडनाव जगात पांगताना त्याचे किती आकार झाले ते बघण्यासारखं आहे. लॅनार्कशर आणि डम्फ्रिसकडे ‘डॅलझिएल’. उत्तर आयर्लंडमध्ये ‘डॅलझेल’. तिथे स्कॉटिश वसाहतीबरोबर नाव गेलं आणि पुढे अमेरिकेत पोचलं. अमेरिकेत लिहिलं तसं ‘डॅल-झेल’ म्हणायची रीत पडली. साउथ कॅरोलायनात याच नावाचं गाव आहे. शेटलंडमध्ये ‘डेयेल’ लिहितात. न्यूझीलंडमध्येही नाव चांगलं रुजलं: लिअ‍ॅन डॅलझिएल २०१३ पासून २०२२ पर्यंत क्राइस्टचर्चच्या महापौर होत्या.

आणि एडिंबऱ्याजवळच्या ‘हाउस ऑफ द बिन्स’ या वाड्यातलं घराणं आडनाव लिहितं ‘डॅलिएल’, ‘झेड’ काढून सरळ ‘वाय’ घालून. त्या घरातले टॅम डॅलिएल मजूर पक्षाचे खासदार होते, २०१७ मध्ये वारले. स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ दिल्यावर स्कॉटिश खासदाराने इंग्लंडच्या प्रश्नांवर मत का द्यावं, हा १९७७ मधला ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ त्यांचाच. त्यांचे पूर्वज जनरल टॅम डॅलिएल यांनी रशियाच्या झारची चाकरी केली होती. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर त्यांनी दाढीला वस्तरा लावला नाही, असं सांगतात. सैतानाशी पत्ते खेळल्याची गोष्टही त्यांच्याच नावावर आहे.

म्हणजे एका घराण्याने छपाईची चूक स्वतः सुधारून घेतली. मग आपणही ‘डॅलिएल’ का लिहू नये? लेखनाशीही नातं राहील, उच्चाराशीही.

मोडीवाचक
त्या घराण्याने स्वतःचं लेखन सुधारलं, दुसऱ्याचं नाही. सह्यवेडींचा माणूस स्वतःची सही ‘झेड’ घालून करत होता. त्याचं नाव आपण बिन्सवाल्यांच्या वळणावर नेलं तर तो वेगळ्या शाखेचा माणूस होईल. आडनावाच्या बाबतीत माणसाने स्वतः काय लिहिलं ते शेवटचं. प्रबोधनकारांनी इंग्रजीत ‘ठाकरे’चं लेखन एका इंग्रज कादंबरीकाराच्या धाटणीवर केलं. ते रोमन लिपीच्या नियमात बसत नाही म्हणून कोणी बदललं का?

देवनागरीच
पण मोडीवाचक, त्याने स्वतः रोमनमध्ये लिहिलं होतं, देवनागरीत नाही. देवनागरी ही उच्चाराची लिपी आहे. आपण फ्रेंच नावांतली अनुच्चारित अक्षरं लिहीत नाही, मग स्कॉटिश नावातला खिळ्याच्या अभावी आलेला ‘झ’ का लिहायचा? वडगावच्या लढाईतला कॅप्टन स्टुअर्ट आपल्या लोकांनी कानाने ऐकला आणि ‘इष्टुर फाकडा’ केला. स्पेलिंग विचारायला कोणी गेलं नाही. वडगाव मावळला त्याची समाधी आजही त्याच नावाने ओळखतात. तोही स्कॉटिशच आडनावाचा. परंपरा कानाची आहे. डीएल लिहा, बिनधास्त.

मोडीवाचक
देवनागरी उच्चाराची लिपी आहे हे अर्धंच खरं. ‘जग’ लिहिलं तर दुनिया की ‘जगणे’ची आज्ञा? अक्षर एक, ‘ज’ दोन. आपण संदर्भाने ओळखतो. मोडीत तर ऱ्हस्वदीर्घाचाही भेद पाळत नव्हते, तरी हिशेब चोख राहिले. स्कॉटिश वाचकानेही ‘झेड’ पाहून ‘य’ म्हणायचं हे असंच माहितीतून केलं. लिपीकडून शंभर टक्के उच्चाराची अपेक्षा धरणं हा अलीकडचा शुद्धतेचा हट्ट आहे.

आणि इष्टुर फाकड्याला कानाने लिहिणाऱ्यांनी त्याला प्रत्यक्ष ऐकलं होतं, लढाईत पाहिलं होतं. आपण डॅलझेलना पुस्तकातून ओळखतो.

ग्लासगोकर
त्यांना ऐकलेलं नाही, पण एडिंबऱ्याचा माणूस स्वतःचं नाव ‘झेल’ असं म्हणत असेल हे मला अवघड वाटतं. अर्थात एकदा मुंबईत आल्यावर हाताखालचे कारकून, शिपाई, माळी काय म्हणत असतील ते वेगळं.

बागेतली
मी वनस्पतीशास्त्र शिकवते. कृपया लॅटिन नावांना हात लावू नका. ‘इम्पेशन्स डॅलझेली’, आपला सह्याद्रीतला पिवळा तेरडा, हा जगभर लेखनानुसारच म्हटला जातो. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी डॅलझेल यांच्या सन्मानार्थ ‘डॅलझेलिया’ ही प्रजाती केली. ओढ्यातल्या, वाहत्या पाण्याखालच्या खडकाला शेवाळासारखी चिकटलेली वनस्पती. विद्यार्थी कातळ खरवडून ती भिंगाखाली धरतो तेव्हा वहीत ‘डॅलझेलिया’ लिहितो. लेखात माणूस ‘डीएल’ आणि वनस्पती ‘डॅलझेलिया’ झाली, तर हा तेरडा कोणाच्या नावाचा हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. मराठीत निसर्गावर लिहिणारे आधीच थोडे, त्यांनी तरी धागा तुटू देऊ नये.

सह्यवेडी
बागेतली, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लेखात पिवळा तेरडा आहेच. म्हणजे ‘डॅलझेल (उच्चार डीएल)’ असं पहिल्यांदा आणि पुढे सगळीकडे डॅलझेल?

देवनागरीच
कंस घालणं म्हणजे लिपीचा पराभव. एकदा ‘डीएल’ लिहा, तळटीपेत रोमन लेखन द्या. ‘मॅकेंझी’चं काय झालं बघा. तिथेही योखच होता, गेलिक ‘कोन्याख’ नावावरून आलेलं आडनाव. जगाने चुकीचा ‘झ’ म्हणून म्हणून पक्का केला, आता मॅकेंझीसुद्धा स्वतःला मॅकेंझीच म्हणवतात. आपण डॅलझेल लिहीत राहिलो तर आपणही त्यात हातभार लावणार.

आजोळ
मग मॅकेंझी चूक आहे असं म्हणायचं का? लाखो लोक स्वतःच्या नावाचा जो उच्चार करतात तो चूक कसा? ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांना देश ‘मेंझिस’च म्हणायचा, टोपणनाव मात्र ‘मिंग’. दोन्ही उच्चार एका माणसाला चालले.

बखरकार
मूळ मुद्दा असा की शिंदळ माकडीला शास्त्रात फ्रिअरचं नाव लागलं. गव्हर्नराचं नाव लावलं हेच मुळात खटकतं. लेखात ‘फ्रेरिया’ कमी आणि ‘शिंदळ माकडी’ जास्त यायला हवं.

बागेतली
माकडी, माकुडी, दोन्ही ऐकलंय. जुन्नरकडची मंडळी कोणी इथे असतील तर सांगा, आजी-आजोबा काय म्हणायचे?

मावळा_जुन्नर
आमच्याकडे माकडी. शेंगा जोडीने लागतात, लांब, टोकदार. पण ‘शिंदळ’ हा शब्द घरात मोठ्यांसमोर म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे आजी नुसतं ‘माकडी’ म्हणायची. फूल तांबडं-जांभळट, मध्ये पिवळे ठिपके. गुरं राखणारी पोरं पानं-खोडं चावून खायची.

तळटीप
‘शिंदळ’ इथे नेमकं कशावरून आलं असेल? वाईट अर्थाचा शब्द वनस्पतीला लागण्याची आणखी उदाहरणं आहेत. यावर वेगळा धागा काढावा का?

सह्यवेडी
काढा, मीही येईन. पण अंक पुढच्या आठवड्यात छापखान्यात जातोय. शीर्षकात तळटीप देता येत नाही, आणि संपादकांनी शीर्षकातच त्यांचं आडनाव घातलंय. तिथे काय?

मोडीवाचक
डॅलझेल.

देवनागरीच
डीएल.