मदत हवी आहे: आईला परत प्लेटलेट चढवायच्यात, अनुभव असलेल्यांनी सांगा

राम राम मंडळी, आम्ही अमळनेरचे, आईची केमो जळगावला चालूये. प्लेटलेट ८ हजारावर आल्या म्हणून परवा एक पिशवी लावली, तर अर्ध्या तासात तिला इतकी थंडी वाजून आली न ताप भरला की आमचे हातपाय गळाले. सिस्टरने लगेच थांबवून इंजेक्शन दिलं, नंतर ठीक झाली, पण आता ती दुसऱ्या पिशवीला नाहीच म्हणतेय.

डॉक्टर म्हणे असं होतं कधीकधी, पण खाज, पुरळ किंवा दम लागला तर क्षणभर न थांबता सांगायचं. तुमच्या घरी कोणाला असं झालं होतं का, पुढच्या वेळी आधी गोळी देऊन त्रास कमी झाला का?

दुसरं, यावेळी एकाच डोनरची पिशवी म्हणजे एसडीपी सांगितलीये, त्याने प्लेटलेट साधारण ३०-५० हजारांनी वाढतात म्हणे. मामेभाऊ तयार आहे पण त्याने कालच डोकेदुखीवर अ‍ॅस्पिरिन घेतली, मग तो बाद ना? प्लेटलेट ५ दिवसच टिकतात त्यामुळे आधीपासून जमवूनही ठेवता येत नाही. आईला धीर कसा द्यायचा तेही सांगा, ती फार घाबरलीये.