अनुभव धागा : दाराची मूठ, बटण, नळ, टेबल आणि त्यांच्यावरचे विषाणू

सामायिक जागा पुसणारे, पुसून घेणारे आणि पुसलेलं तपासणारे अशा सगळ्यांना आमंत्रण. 'आमच्याकडे रोज सॅनिटाइझ करतात' एवढंच लिहून थांबू नका. द्रावण किती, पाणी किती, किती वेळ ओलं ठेवायचं आणि नेमकं कुठे फसतं, ते लिहा. घरचे किस्से नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

सूक्ष्मदर्शी

बाटली उचलण्याआधी विषाणू कुठल्या जातीचा ते विचारा. फ्लू, कोरोना, लहान मुलांच्या श्वासनळ्यांना धरणारा आरएसव्ही यांच्याभोवती चरबीचं आवरण असतं. साबण, अल्कोहोल, ब्लीच, कशानेही ते फाटतं. उलटी-जुलाबाचे नोरो आणि रोटा, अॅडिनो, सर्दीचा ऱ्हायनो, हिपॅटायटिस ए यांना हे आवरणच नाही, फक्त प्रथिनांचं टणक कवच आहे. अंगावर कमी कपडे असलेलाच इथे जास्त चिवट निघतो.

फ्लूचा विषाणू स्टील आणि प्लास्टिकवर २४ ते ४८ तास, कापड-कागदावर साधारण ८ ते १२ तास आणि हातावर जेमतेम ५ मिनिटं तग धरतो. म्हणजे मुठीवरून हातावर आणि हातावरून नाका-डोळ्यापर्यंतचा प्रवास त्या पाच मिनिटांतच व्हावा लागतो. होतोही, कारण माणूस नकळत चेहऱ्याला हात लावतच असतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका निरीक्षणात ही सरासरी तासाला २३ वेळा भरली, आणि त्यांतले ४४ टक्के स्पर्श थेट डोळे, नाक, तोंड यांनाच होते.

कोरोना स्टील-प्लास्टिकवर '७२ तास' टिकतो हा २०२०मध्ये गाजलेला आकडाही नीट वाचायला हवा. प्रयोगात स्टीलवरच्या कोरोना विषाणूची संख्या दर साडेपाच तासांनी आणि प्लास्टिकवर दर पावणेसात तासांनी साधारण निम्मी होत होती. ७२ तासांनी उरला तो शेवटचा मागमूस, आणि तोही सुरुवातीला भरपूर विषाणू टाकला होता म्हणून. तांब्यावर चार तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर.

गणितमास्तर

हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं ब्लीच) मोजमाप, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. सूत्र सोपं आहे : हवी ती टक्केवारी भागिले बाटलीवरची टक्केवारी, गुणिले १०००. आलेलं उत्तर म्हणजे एक लिटर द्रावणात लागणारं ब्लीच, मिलिलिटरमध्ये.

५ टक्के ब्लीच असेल तर ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएमसाठी (दहा लाखांत १००० भाग) २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. ०.५ टक्का म्हणजे ५००० पीपीएमसाठी १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. १० टक्क्यांचं ब्लीच असेल तर ब्लीच निम्मं घ्या आणि बाकी पाण्याने लिटर पुरा करा. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला अनुक्रमे ३.३ ग्रॅम आणि १७ ग्रॅम. ढवळून गाळ बसू द्या आणि वरचं पाणीच वापरा, नाहीतर टेबलावर पांढरे ओघळ उठतात.

'टोपणभर' हे माप नव्हे. प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं असतं. पाणी थंडच घ्या. द्रावण रोज नवं करा आणि अपारदर्शक डब्यात ठेवा, कारण ऊन आणि उष्णता क्लोरीन खाऊन टाकतात. मूळ बाटलीही जुनी होते. सहा महिने कपाटात पडलेलं ब्लीच लेबलावरच्या ताकदीचं उरलेलं नसतं. वास येतोय म्हणजे ताकद आहे, असंही नाही. क्लोरीनच्या पट्टीने तपासा.

आणि संडास साफ करायच्या आम्लात किंवा अमोनियाच्या काचपुशीत हे कधीही मिसळू नका. आम्लाबरोबर क्लोरीन वायू निघतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. लहानशा बाथरूममध्ये दोन्ही जिवावर बेततात.

फडकंबादली

मास्तरांचं प्रमाण अगदी बिनचूक असलं तरी फडकं चुकलं की सगळं पाण्यात.

पहिली चूक म्हणजे मळावरच औषध मारणं. तेलकट थर, शेंबूड, सांडलेला चहा, सगळ्यांवर क्लोरीन खर्ची पडतं आणि विषाणूच्या वाट्याला काही उरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, साबण धुऊन काढा, मग निर्जंतुकीकरण. साबण धुणं टाळू नका. 'क्वाट' (क्वाटर्नरी अमोनियम) जातीची जंतुनाशकं साबणाचा अंश राहिला की निकामी होतात.

दुसरी चूक म्हणजे फवारलं आणि लगेच कोरडं केलं. लेबलावर 'संपर्क वेळ' लिहिलेली असते. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे. एक मिनिट असेल तर एक, दहा असतील तर दहा. पंखा किंवा एसी जोरात असेल तर अल्कोहोल तीस सेकंदांतच उडून जातं. मग दुसरा हात द्या. ९५ टक्क्यांपेक्षा ७० टक्के अल्कोहोल चांगलं ते याचमुळे. त्यातलं पाणी प्रथिनं मोडायला मदत करतं आणि द्रावणाला पृष्ठभागावर थोडं टिकू देतं.

तिसरी चूक म्हणजे एकच फडकं सगळीकडे. मायक्रोफायबरचं फडकं दोनदा दुमडा, आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू एका जागेला. स्वच्छाकडून घाणीकडे आणि वरून खाली. संडासाचं फडकं वेगळ्या रंगाचं. वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवलं की पूर्ण बादली दूषित होते आणि उरलेल्या खोल्यांत तुम्हीच विषाणू पसरवत जाता. क्वाट वापरत असाल तर सुती फडकं टाळा, सूत ते शोषून घेतं आणि टेबलावर पातळ द्रावण उतरतं. मायक्रोफायबरला कपडे मऊ करणारं रसायन लावू नका, धागे बुजतात.

दुपारची पाळी

पाळणाघर आणि शाळेसाठी खरा शत्रू नोरो. १० ते १०० कणही पुरतात असं मानून काम करा. हातावरचं सॅनिटायझर त्याच्यावर लंगडं पडतं. साबण-पाणीच हवं, २० सेकंद. उलटी झाली तर :

मुलं लगेच बाहेर, खिडक्या उघड्या. हातमोजे, मास्क, एप्रन. उलटीवर कागदी टॉवेल पसरा आणि बाहेरून आत गोळा करत जा, घासू नका. पिशवीत भरा, गाठ मारा. मग साबणाने धुवा आणि शेवटी ५००० पीपीएम, दहा मिनिटं. सगळ्या बाजूंनी किमान दोन मीटरचा परिसर धरा, टेबलाचे पाय आणि खुर्चीची खालची बाजू धरून. गालिचा असेल तर व्हॅक्यूम बिलकूल नको, कण हवेत उडतात. वाफेचं यंत्र वापरा. लघवीवर ब्लीच सरळ ओतू नका, आधी टिपून घ्या. लघवीतही अमोनिया असतो, आणि त्याचं काय होतं ते मास्तरांनी वर सांगितलंय.

आजारी मुलाला किंवा कर्मचाऱ्याला लक्षणं थांबल्यावर पुढचे ४८ तास घरीच राहू द्या. विष्ठेतून विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त निघत राहतो, म्हणून लंगोट बदलायची गादी आणि नळाची चावी रोजच्या यादीतून काढू नका. तोंडात घालायची खेळणी औषध लावल्यावर साध्या पाण्याने खळखळून धुवा.

लिफ्टमन

धागा चांगला चाललाय, पण एक टाचणी टोचतो. कोरोनाबाबत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१च्या एप्रिलमध्येच सांगितलं होतं की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. मग दर तासाला रेलिंग पुसायला माणूस कशाला? तोच माणूस खिडक्या उघडायला आणि फिल्टर बदलायला लावा.

सूक्ष्मदर्शी

लिफ्टमन, श्वासातून पसरणाऱ्यांबाबत तुमचंच बरोबर. मात्र नोरो, रोटासाठी हा हिशेब लावू नका, तिथे पृष्ठभाग आणि हात हाच मोठा रस्ता आहे.

आता तपासणीचं. १० बाय १० सेंमीचा चौकोन आखून पॉलिएस्टरच्या ओल्या स्वॅबने आडवं, उभं, तिरकं पुसायचं. नुकतंच ब्लीच मारलं असेल तर स्वॅबच्या नळीतल्या द्रवात सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर उरलेलं क्लोरीन नळीतच विषाणू मारत बसतं आणि निकाल खोटा चांगला येतो. पीसीआर चाचणीला सापडतो तो जनुकांचा तुकडा, जिवंत विषाणू नव्हे. कोरोनाची साथ आलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजाच्या न पुसलेल्या खोल्यांत १७ दिवसांनंतरही विषाणूचा आरएनए, म्हणजे असाच जनुकांचा अंश, मिळाला, पण तो कुणाला आजारी पाडू शकला असता असं त्यावरून सिद्ध होत नाही.

एटीपी मीटर विकणारे 'विषाणू दाखवतो' म्हणतात. एटीपी म्हणजे जिवंत पेशींतलं ऊर्जेचं रसायन, विषाणूत ते नसतंच. ते यंत्र मळ दाखवतं, तेवढ्यासाठी चांगलं आहे. पुसलं की नाही एवढंच बघायचं असेल तर यूव्ही दिव्यात चमकणाऱ्या जेलचे ठिपके आदल्या रात्री लावा आणि सकाळी दिवा मारा. सर्वांत जास्त ठिपके राहतात ते विजेच्या बटणांवर आणि मुठीच्या मागच्या बाजूला.

फडकंबादली

मुठीच्या मागच्या बाजूचं शंभर टक्के खरं. बोटं तिथेच लागतात आणि फडकं तिथेच पोचत नाही.

इमारत देखभाल

धुराच्या यंत्राने खोली भरून टाकणं फक्त दिसायला जोरदार. थेंब टेबलाच्या खालच्या बाजूला पोचत नाहीत, मळ तसाच राहतो आणि माणसांच्या छातीत रसायन जातं. यूव्ही दिव्याची अडचण सावलीची, उजेड पडत नाही तिथे काम शून्य.

संडासाचं झाकण बंद करून फ्लश केल्याने विषाणूसारखे बारीक कण आजूबाजूला पसरायचे थांबतात, असं समजू नका. एमएस२ नावाचा निरुपद्रवी विषाणू भांड्यात टाकून केलेल्या चाचणीत झाकणाने फारसा फरक पडला नाही. भांडं औषधाने ब्रश मारून घासल्याने पडला.

लिफ्टचं पॅनल, कीबोर्ड, कार्ड-मशीन यांच्यावर थेट फवारा नको; फडकं ओलं करा, टपकणार नाही इतपत, मग पुसा. ब्लीच धातूला खातं, म्हणून स्टीलवर दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा हात मारा. अॅक्रिलिकच्या काउंटर-पडद्यावर अल्कोहोल लावत राहिलात तर काही महिन्यांत केसासारख्या चिरा पडतात आणि मळ त्या चिरांतच जाऊन बसतो. तिथे सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.