मदत हवी आहे: लेड-फ्री पिझो पेलेटचा डी३३ सकाळी एक, दुपारी दुसराच

नागपुरी_पेलेट:
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स, शेवटचं सेमिस्टर, नागपूर. प्रोजेक्ट लेड-फ्री (शिसं नसलेल्या) पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबलं की चार्ज देणाऱ्या, सिरॅमिकवर करून राहिलो आहे आणि आता पार अडकलो, सरांना विचारलं की ते म्हणतात पेपर वाच, आणि पेपर वाचले की डोकं आणखीनच फिरते.

मटेरियल आहे पोटॅशियम सोडियम नायोबेट, म्हणजे केएनएन, त्यात पोटॅशियम-सोडियमच्या जागी ६ टक्के लिथियम. कार्बोनेट पावडरी आणि नायोबियम ऑक्साइड बॉल मिलमध्ये, मग कॅल्सिनेशन, पेलेट दाबली, १०८० च्या आसपास सिंटरिंग, दोन्ही बाजूंनी सिल्व्हर पेस्ट. पोलिंग (मोठं व्होल्टेज लावून आतलं पोलरायझेशन एका दिशेला वळवणं) सिलिकॉन ऑइलमध्ये १२० डिग्रीला, एका मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट, आणि थंड होईस्तोवर व्होल्टेज चालूच ठेवलं. इथवर सगळं बरोबर वाटते.

तर आता गंमत बघा. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या डी३३ (एका न्यूटनच्या दाबाला किती पिकोकुलॉम चार्ज निघतो ते) मीटरवर १८० च्या वर आकडा येतो, आणि दुपारी तीनला तीच पेलेट, तोच मीटर, आकडा १५० च्या खाली. लॅबमध्ये एसी नाही, कूलर आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा कूलर किती थंड करते हे इथल्या लोकांना सांगायची गरज नाही, दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ४० दाखवते. पण केएनएनचा क्युरी पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर पिझो गुणच संपतो ते तापमान, तर ४२० डिग्री! लिथियम टाकल्यावर तो आणखी वरच जातो म्हणतात. मग ४० डिग्रीनं त्याला काय फरक पडते राजेहो? मीटर बिघडला का?

आणि सर म्हणून राहिले की हे सोड, बीसीझेडटी (बेरियम-कॅल्शियम झिर्कोनेट-टायटनेट, हेही लेड-फ्री) कर, त्यात डी३३ ६२० मिळते. वेळ उरला दीड महिना. कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा. व्हायव्हात हेही विचारतील की पीझेडटी (शिशाचं झिर्कोनेट-टायटनेट, नेहमी वापरतात ते) इतकं भारी आहे तर लेड-फ्रीची भानगड कायले पाहिजे.

भट्टीजवळचा:
भाऊ, मीटर बिचारा बहुतेक ठीक आहे. पण आधी खात्री करून घे, मीटरसोबत पीझेडटीचा स्टँडर्ड तुकडा येतो ना, तो सकाळ-दुपार लावून बघ. त्याचा आकडा हलला नाही म्हणजे खेळ तुझ्या पेलेटमध्ये आहे.

क्युरी पॉइंटपाशी मटेरियलचा सगळा पोलरायझेशनच (आतल्या प्लस-मायनस चार्जचं एका दिशेला सरकलेलं असणं) जातो. पण त्याच्या खाली आणखी फेज बदल, म्हणजे स्फटिकाच्या रचनेचे बदल, असतात आणि तुझं दुखणं तिथलं आहे. शुद्ध केएनएन खोलीच्या तापमानाला ऑर्थोऱ्हॉम्बिक असतं आणि २०० डिग्रीच्या आसपास टेट्रागोनल होतं. लिथियम घातलं की क्युरी पॉइंट वर जातो, पण हा २०० वाला बदल खाली खाली सरकतो आणि ६ टक्क्यांच्या आसपास जवळजवळ खोलीच्या तापमानावर येऊन बसतो. तुझा डी३३ शुद्ध केएनएनच्या ८०-१०० वरून १८० ला गेला तो याचमुळे.

आता का वाढतो ते. ऑर्थोऱ्हॉम्बिकमध्ये पोलरायझेशनला १२ दिशा मोकळ्या असतात, टेट्रागोनलमध्ये ६. सिरॅमिकमध्ये कण वाट्टेल तसे वळलेले, त्यामुळे जितक्या दिशा जास्त तितकं पोलिंगमध्ये प्रत्येक कणाला फील्डच्या जवळपासची दिशा सापडायची शक्यता जास्त. दोन्ही फेज त्यांच्या मधल्या सीमेवर, म्हणजे काठावर, एकत्र असल्या की सगळ्या दिशा उपलब्ध. त्यात काठावर दोन्ही फेजच्या एनर्जीत फारसा फरक नसतो, म्हणून थोड्या दाबानंही पोलरायझेशन सहज वळतं.

पीझेडटीमध्येही काठच आहे, झिर्कोनियम ५२ टायटॅनियम ४८ च्या जवळ, पण फेज डायग्राम काढून बघ, ती रेघ जवळजवळ सरळ उभी आहे. म्हणजे काठ कॉम्पोझिशनवर ठरतो, तापमान शंभर डिग्रीनं हललं तरी तू काठावरच. तुझ्या केएनएनमध्ये रेघ तिरपी आहे. सकाळी काठावर, दुपारी ४० ला टेट्रागोनलच्या बाजूला घसरलास. इंग्रजी पेपरात पीझेडटीच्या उभ्या काठाला एमपीबी म्हणतात आणि केएनएनच्या तिरप्या काठाला पीपीटी, आणि बरेच लोक दोन्ही एकाच भावात विकतात. या गोष्टीचा मला राग आहे, पण असो.

एलसीआर मीटर (कपॅसिटन्स मोजणारा) असेल तर पेलेट हळूहळू २० पासून १०० पर्यंत तापवत कपॅसिटन्सचा ग्राफ काढ. मध्येच छोटा उंचवटा दिसेल. तोच तुझा काठ.

इतवारीची_सून:
वरचं सगळं पटलं. पण एक विचारते, वजनं त्याच कूलरच्या हवेत केलीस का रे? पोटॅशियम कार्बोनेट भयंकर पाणी ओढते. कूलरची हवा ओली, आपण १० ग्रॅम मोजतो त्यात थोडं पाणीच असते, म्हणजे पोटॅशियम कमी पडते. कार्बोनेटं २०० डिग्रीला ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायची, डेसिकेटरमध्ये थंड करायची आणि पटापट मोजायची. वजन करताना कूलर बंद, घाम आला तरी.

आणि सिंटरिंगला पेलेटवर त्याच पावडरीचा थर टाकून झाकण लावलं होतं ना? हजारच्या वर पोटॅशियम-सोडियम उडते. एक्सआरडीत (एक्स-रेनं स्फटिकरचना तपासतात त्यात) नको ते पीक दिसले तर आधी हेच दोन संशयित.

बीसीझेडटीचं म्हणशील तर २००९ मध्ये लिऊ आणि रेन यांनी ६२० दाखवलं ते खरंच आहे, पण त्याचा क्युरी पॉइंट ९३ डिग्रीच्या आसपास. आणि सिंटरिंगला १४०० च्या वर जावं लागते. तुमची भट्टी जाते का तेवढी?

नागपुरी_पेलेट:
ताई, आमची मफल भट्टी १२०० च्या वर गेली तर एचओडी स्वतः विझवायला येतील 😅 म्हणजे बीसीझेडटी कटाप.

कार्बोनेटं सुकवली होती, पण दीड-दोन तासांचीच, रात्रभर नाही. पुढच्या बॅचला तसंच करतो.

भट्टीजवळचा दादा, स्टँडर्ड तुकडा लावला, त्याचा आकडा सकाळ-दुपार जवळपास तोच. एलसीआरमध्ये ३० ते ३५ च्या मध्ये उंचवटा दिसला! पण एक नवीन प्रश्न. दुपारी गरम झालेली पेलेट दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर १८० परत येत नाही, १७० च्या आसपास अडकते. हे काहून?

भट्टीजवळचा:
काठ ओलांडून रोज ये-जा केली की डोमेनची (एकाच दिशेचं पोलरायझेशन असलेल्या छोट्या भागांची) रचना प्रत्येक वेळी पूर्वीसारखी जुळत नाही, पोलिंग थोडं थोडं सुटत जातं. त्यात नुसतं एजिंगही (वेळेनुसार आपोआप उतरणं) असतं, पोलिंगनंतर पहिल्या काही तासांत आकडा जास्त पडतो आणि मग हळूहळू. म्हणून पोलिंग झाल्यावर २४ तास थांबून मोजायची पद्धत आहे. दोन्ही वेगळं करायचं तर दोन पेलेट एकदम पोल कर. एक डब्यात बंद करून थंड जागी ठेव, दुसरी रोज तापव. फरक जो येईल तो ये-जाचा.

आणि प्रोजेक्टचं म्हणशील तर हाच तुझा रिझल्ट आहे. १८० म्हणून मिरवू नकोस, डी३३ विरुद्ध तापमान असा ग्राफ दे. वेळ उरला तर थोडं कॅल्शियम टायटनेट टाकून बघ, १-२ टक्के. त्यानं काठ खोलीच्या तापमानाच्या खाली जातो, आकडा कमी होतो पण सकाळ-दुपार स्थिर राहतो.

व्हायव्हाच्या प्रश्नाला: पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसं असतं, आणि सिंटरिंगमध्ये लेड ऑक्साइड उडतं, ते भट्टीजवळच्या माणसाच्या फुप्फुसात जातं. युरोपचा रोहस नियम (इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशासारख्या घातक पदार्थांवर बंधन घालणारा) जुलै २००६ पासून लागू आहे, पण पिझो सिरॅमिकला त्यातून सूट दिलेली आहे, कारण बरोबरीचा पर्याय नाही. आणि का नाही, हे तुझा दुपारचा आकडा सांगतोच.

नागपुरी_पेलेट:
दादा, कॅल्शियम टायटनेट वेगळं बनवून मग मिसळायचं की कॅल्शियम कार्बोनेट आणि टायटॅनियम ऑक्साइड सुरुवातीलाच बॉल मिलमध्ये टाकलं तर चालते? उद्या वजनं करून राहिलो आहे, कूलर बंद करून.