डालेक रंगवले ते ठीक, पण कात्री कशाला?

सांजसावली
'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतली डालेकांची, म्हणजे यंत्राच्या कवचात राहणाऱ्या खलनायकांची, पहिली कथा (1963-64) बीबीसीने नोव्हेंबर 2023मध्ये रंगीत करून दाखवली. रंगांबद्दल माझी तक्रार नाही. पण सात भाग, जवळजवळ पावणेतीन तास, आणि त्याची केली 75 मिनिटं! पहिल्या भागाचा शेवट आठवा. मालिकेचा नायक डॉक्टर, त्याची सोबतीण बार्बरा त्या परक्या शहरात एकटी. मागची दारं बंद होतायत, ती भिंती चाचपत पुढे जातेय. मग काहीतरी तिच्यावर चालून येतं. आपण त्याच्याच नजरेतून पाहतो, त्यामुळे दिसतो फक्त पुढे आलेला एक दांडा. ती किंचाळते, भाग संपतो. डालेक दिसतो कसा, हे कळायला ब्रिटनमधल्या पोरांना 21 ते 28 डिसेंबर वाट पाहावी लागली. सलग आवृत्तीत ते वाट पाहणंच गेलं.

दुपारचा चहा
साफ असहमत. तो आठवडा डीव्हीडीवर तरी कुठे उरला होता? माझ्या मुलाने कृष्णधवल भाग दहा मिनिटांत बंद केला. रंगीत मात्र शेवटपर्यंत पाहिला आणि वर विचारलं, "थाल लोकांचं पुढे काय झालं?" (थाल म्हणजे डालेकांचे शत्रू.) डालेकांच्या शहरात शिरायला ते गुहेतून जातात, ती चढाई तर मुळातच ताणलेली आहे. मूळ भाग आहेतच की, कुणी जाळलेत का?

सांजसावली
ताणलेली आहे, मान्य. पण अँटोडस हा थाल त्या चढाईतच कळतो. सारखा घाबरलेला, परत फिरू म्हणणारा. तो दरीत लोंबकळतो, दोरीच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरचा सोबती इयन ओढला जातोय, आणि हाच माणूस स्वतःची दोरी कापतो. त्याची भीती आधी पुरेशी पाहिली नसेल तर तो क्षण वाया जातो.
आणि जाळण्याचं म्हणाल तर बीबीसीने मालिकेच्या साठच्या दशकातल्या टेपा पुसल्या. नव्वदहून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. म्हणून कात्री म्हटलं की पोटात गोळा येतो.

फिल्मची पेटी
रंग देणं आणि रंग परत मिळवणं यांत गल्लत नको. याच मालिकेतली 'द माइंड ऑफ इव्हिल' (1971) ही कथा रंगीतच चित्रित झाली होती. रंगीत टेपा गेल्या, कृष्णधवल फिल्म उरली. त्या फिल्मवर मूळ रंगसंकेताचे बारीक ठिपके उमटलेले होते. संगणकाने ते वाचून सहापैकी पाच भागांचे रंग परत आणले, पहिला भाग मात्र हाताने रंगवावा लागला. 2013ची ती डीव्हीडी म्हणजे जीर्णोद्धार. डालेकांच्या कथेत परत आणायला रंग नव्हतेच.

दुपारचा चहा
स्टुडिओत होते ना! चंदेरी धड, निळे गोळे. कॅमेऱ्याला दिसत नव्हते एवढंच.

फिल्मची पेटी
त्याच कॅमेऱ्यासाठी तर नेपथ्य उभं केलं होतं. पडद्यावर करडी छटा कशी उमटेल, हे बघून कपडे आणि भिंती ठरायच्या.

गॅलिफ्रेकर
मला 2024ची रंगीत 'द वॉर गेम्स' ही 'डॉक्टर हू'चीच कथा जास्त खटकली. दहा भागांचा दीड तास केलाच, वर जोडकामही. नट बदलला की डॉक्टरचं रूपही बदलतं. 1969मध्ये ट्रॉटन या नटाचा डॉक्टर गरगरत अंधारात जातो, बस्स. नवा चेहरा दिसला तो थेट जानेवारी 1970मध्ये, पुढचा नट पर्टवीचा. नव्या आवृत्तीत मात्र अख्खं रूपांतर घडताना दाखवलंय. जे कधी चित्रितच झालं नाही ते!

दुपारचा चहा
ते पाहताना माझे डोळे भरून आले. चाहते पन्नास वर्षं हेच मनात जुळवत होते.

सांजसावली
मग ते वेगळं जोडपत्र म्हणून द्या, मीही आवडीने पाहीन. आणि रंगवायचंच असेल तर सातही भाग, दहाही भाग पूर्ण रंगवा. खर्च वाढेल, वर्षं लागतील. लागू देत. एकेक भाग आला तरी मी विकत घेईन.